लोणचं कुठल्या बादलीत?

माणसाने दुसऱ्याच्या पाकिटात डोकावू नये आणि दुसऱ्याच्या ताटातही डोकावू नये, हे बाळारामला लहानपणापासून ठाऊक होतं. दुसऱ्याच्या कचऱ्याच्या पिशवीत डोकावू नये, हे मात्र त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरज आहे, असं कुणाला वाटलं नसेल. एवढी साधी गोष्ट शिकायला त्याला पालिका, घंटागाडी आणि एक अख्खी सोसायटी लागली, आणि शिकून झालं तेव्हा फार उशीर झाला होता.

सुरुवात घंटागाडीने केली. एका सकाळी ती नेहमीसारखी गाणं वाजवत भिवंडीतल्या 'समाधान' सोसायटीच्या फाटकाशी आली. ड्रायव्हरने ड्रममध्ये वाकून पाहिलं आणि नाक मुरडलं. आपल्या कचऱ्याला कचरागाडीवाल्याने नाक मुरडावं, यापरता मध्यमवर्गाचा अपमान नाही. "मिक्स है," तो म्हणाला. "मिक्स नहीं लेने का. ऊपर से ऑर्डर है." गाडी गेली, गाणं कोपऱ्यापर्यंत ऐकू येत राहिलं आणि कचरा जागच्या जागी राहिला. दुपारी फाटकावर पालिकेचा कागद चिकटला. ओला कचरा हिरव्या बादलीत, सुका निळ्या बादलीत, एकत्र आढळल्यास गाडी उचलणार नाही.

लगेच सभा भरली. सोसायटीचा सेक्रेटरी प्रितम हा मानकोलीच्या एका गोदामात सुपरवायझर. दुसऱ्याच्या डोक्यावर माल कसा चढवायचा, याचं त्याला रीतसर शिक्षण मिळालेलं. त्याने सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती बाळारामवर आणून थांबवली. बाळाराम नुकताच एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाला होता. उभा जन्म त्याने काचेच्या केबिनमध्ये माईकसमोर बसून कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागेल ते सांगण्यात घालवलेला.

"काका, तुम्ही आयुष्यभर गाड्या फलाटाला लावल्यात," प्रितम म्हणाला. "आता कचरा बादलीला लावा."

टाळ्या पडल्या. आपल्या गळ्यातली धोंड दुसऱ्याच्या गळ्यात गेली की माणसं अशाच मनापासून टाळ्या वाजवतात. पण निवृत्त माणसाला टाळ्यांचा आवाज फार दिवसांनी ऐकू आलेला असतो. बाळाराम उभा राहिला, त्याने हात जोडले, आणि घरी येऊन ट्रंकेतून जुनी शिट्टी काढली.

"घरातला कचरा आजवर खाली कोण नेतं, ते सांगितलंत का सभेत?" त्याच्या बायकोने, कौसल्याने विचारलं. शिट्टी पुसायच्या नादात त्याला हे ऐकू आलं नाही, निदान त्याने तसं दाखवलं.

इथे समोरच्या दाराबद्दल सांगायला हवं. समोर महादू आणि त्याची बायको आक्का राहायचे. मूळचे अंजूरचे आगरी. शेतं गोदामांखाली गेली तेव्हा महादूने शहरात ब्लॉक घेतला, मुलगा सागर गावातच राहिला. महादू आणि बाळाराम दोघे रोज संध्याकाळी खाली कट्ट्यावर बसून जगाला नावं ठेवायचे. महादू त्याला 'कंट्रोलर' म्हणायचा. आणि दोन्ही घरांच्या मधून एक स्टीलची वाटी ये-जा करायची. सागरच्या बारशाला आक्काला कुणीतरी दिलेली, बाजूला नाव कोरलेली. तिचा नियम एकच: रिकामी परत जायची नाही. कौसल्याने कैरीचं लोणचं भरून पाठवलं, की ती आक्काकडून सुकटीची चटणी नाहीतर तांदळाची भाकरी घेऊन परत यायची. पुढे ती मूळ कुणाची, हा प्रश्नच उरला नाही. दोन घरांची मिळून एक वाटी, एवढंच सगळ्यांना माहीत होतं.

कचऱ्याचा कारभार सुरू झाला तसे प्रश्नही सुरू झाले. पालिकेने दोन रंगांच्या बादल्या सांगितल्या, पण भिवंडीच्या संसारात दोन रंगांत न मावणारं बरंच काही असतं. पहिला प्रश्न आक्काचाच.

"भाऊ, सुक्या बोंबलाची मुंडी कुठं टाकाची? बोंबील तं सुका हाय."

बाळारामने विचार केला. केबिनमधल्या खुर्चीत बसल्यासारखा ताठ होऊन त्याने निकाल दिला, "जे जन्मात एकदा तरी पोहलं, ते ओलं."

हा निकाल सोसायटीभर गाजला. मग रघू आला. त्याचे कापडाचे चार लूम होते आणि घरी गोणीभर चिंध्या. ताणीला, म्हणजे उभ्या सुताला, पिठाची खळ लावतात, म्हणजे चिंधीत पीठ आलं, मग ती ओली की सुकी, असा त्याचा सवाल. त्याला उत्तर नको होतं, वाद हवा होता. "शेवटी सगळं एकाच ढिगात जातंय, काका," असं वर तो समाधानाने म्हणाला. तुळजाबाईने करवंटी आणून पुढ्यात ठेवली. बाळारामने पालिकेला फोन लावला. एका टेबलाने करवंटी ओली ठरवली, दुसऱ्याने सुकी, आणि तिसऱ्याने "तुम्ही कुठून बोलताय?" असं विचारून फोन ठेवला. शेवटी घंटागाडीच्या ड्रायव्हरला विचारलं, तर तो म्हणाला, "चाचा, नारियल का मामला कोर्ट में जाएगा." ती करवंटी पुढे बरेच दिवस बाळारामच्या खिडकीत निकालाची वाट पाहत पडली होती.

एवढं होऊनही गाडी कचरा उचलेना. रोज ड्रायव्हर हिरव्या ड्रममध्ये काठी घालायचा आणि रोज कुठलीतरी एक पिशवी मिक्स निघायची. काळी पिशवी, घट्ट गाठ. कोण टाकतं, पत्ता नाही. ड्रम भरले, वास सुटला. तळमजल्यावरच्या वैशाली मॅडम शाळेत शिकवायच्या. त्या म्हणाल्या, "काका, आमच्याकडे आता उदबत्तीलाच उदबत्ती लावायची वेळ आली." बाळारामने हेही गिळलं असतं. पण त्या सकाळी ड्रायव्हरने गाडीत चढता चढता मागे वळून म्हटलं, "चाचा, आपसे नहीं होगा."

ज्या माणसाच्या एका शिट्टीवर लाल गाड्या मागेपुढे व्हायच्या, त्याला कचरागाडीवाल्याने हे ऐकवावं! बाळारामला जेवण गेलं नाही. महादूपाशी मन मोकळं करावं म्हणून तो कट्ट्यावर जाऊन बसला, पण महादू हल्ली खाली येत नसे. 'गुडघा' म्हणायचा. कधी सकाळीच सागरची गाडी यायची आणि बापलेक कुठेतरी जायचे. गावाला जात असतील, असं बाळारामने धरून चाललं होतं. त्याला बादल्यांतून सवड कुठे होती?

दुसऱ्या सकाळी त्याने रबरी हातमोजे चढवले, एक मोडकी छत्री घेतली आणि पार्किंगमध्ये पेपर अंथरून हिरवा ड्रम ओतला. बातमी जिन्यावरून वर गेली आणि माणसं खाली आली. दुसऱ्याचा कचरा उघडतोय म्हटल्यावर आपला उघडला जाईल हे कुणाच्या लक्षात येत नाही. ते थोड्याच वेळात सगळ्यांच्या लक्षात आलं. 'माझं डाएट चालू आहे' म्हणणाऱ्या प्रितमच्या पिशवीतून वेफर्सची रिकामी पाकिटं निघाली. 'आमच्याकडे बाहेरचं चालत नाही' म्हणणाऱ्या वैशाली मॅडमच्या पिशवीतून बिर्याणीचा डबा निघाला, हाडं स्वच्छ चोखलेली. रघूच्या पिशवीत चिंध्यांखाली दडवलेली भाजी सापडली. प्रत्येक पिशवीसरशी एकेक माणूस घड्याळ बघत वर जायला लागला, आणि बाळारामला मात्र कधी नव्हे एवढा चेव आला.

मग ती काळी पिशवी आली. त्याने छत्रीच्या टोकाने गाठ सोडवली. वर बोंबलाच्या मुंड्या, म्हणजे घर कुठलं ते कळलं. मध्ये औषधांच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं, चंदेरी, ओंजळभर. "सुका कचरा ओल्यात!" बाळाराम विजयाने म्हणाला. आणि खाली, प्लास्टिकमध्ये बांधलेलं, कैरीचं लोणचं. कौसल्याचं. सालीसकटच्या मोठ्या फोडी, अख्ख्या लसणाच्या पाकळ्या. असं लोणचं या इमारतीत दुसरं कुणी घालत नव्हतं. चार दिवसांपूर्वी वाटी भरून दिलेलं. एका फोडीलाही हात लागलेला नव्हता.

त्या क्षणी त्याच्या मनात काय आलं ते सांगायलाच हवं, त्याशिवाय ही गोष्ट खरी होणार नाही. तो लहान असताना त्याची आई बुद्धपौर्णिमेला खीर करायची आणि वाडीतल्या एका घरी भांडं भरून द्यायची. त्या घरची बाई हसून घ्यायची, 'छान झालीय हो' असंही म्हणायची. एका वर्षी बाळारामने मागच्या बाजूने पाहिलं, खीर गोठ्यात गाईपुढे ओतलेली होती. आईला त्याने हे कधी सांगितलं नाही. पुढे नोकरी झाली, ब्लॉक झाला, समोर महादूसारखा मित्र मिळाला, आणि ती खीर आपण विसरलो असं त्याला वाटत होतं. छत्रीच्या टोकाशी लोणचं दिसलं आणि ती जशीच्या तशी आठवली.

त्याने शिट्टी फुंकली. आक्का वरून गॅलरीत आली, मग खाली आली. महादू आला नाही.

"आक्का, मुंड्यांचं सोडा, पाकिटांचंही सोडा," बाळाराम म्हणाला. आवाज माईकवरचाच होता, सगळ्या फलाटांना ऐकू जाणारा. "हे लोणचं कुठल्या बादलीत जातं, तेवढं सांगा."

आक्काने लोणच्याकडे पाहिलं. मग बाळारामच्या तोंडाकडे पाहिलं. हाताला पदर गुंडाळून तिने ती पिशवी उचलली, पाकिटं वेचून निळ्या ड्रममध्ये टाकली, उरलेलं हिरव्यात टाकलं आणि जिना चढून गेली. गॅलरीत कौसल्या उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं. बाळाराम घरी आला तेव्हा ती ओट्यापाशी पाठमोरी होती. "मला उगीच वाटायचं, त्यांना आवडतं म्हणून," एवढंच ती म्हणाली.

त्या दिवसापासून सोसायटीचा कचरा शिस्तीला लागला. भीती वाईट असते. जे पालिकेच्या कागदाला जमलं नाही ते त्या छत्रीने केलं. लोक पिशव्या धुऊन टाकायला लागले. ड्रायव्हरने काठी घातली, मान डोलावली आणि म्हणाला, "चाचा, एक नंबर." बाळारामला आनंद व्हायला हवा होता. पण तो वर यायचा तेव्हा समोरचं दार बंद असायचं, आणि आपणही आपलं दार जरा जोरातच लावतो हे त्याच्या लक्षात यायचं. वाटी तेव्हा नेमकी कौसल्याकडे होती. आदल्याच दिवशी ती आक्काकडून भाकरी घेऊन आलेली. रिकामी द्यायची नाही हा नियम, आणि भरून द्यावं तर काय? कौसल्याने ती घासली आणि फळीवर पालथी घातली. स्वयंपाकघरात गेलं की पहिली तीच दिसायची.

पावसाळा संपता संपता 'समाधान'ला प्रभागातल्या स्वच्छ सोसायटीचं प्रमाणपत्र जाहीर झालं. साहेब आले, हार आला, फोटोग्राफर आला. बाळारामच्या गळ्यात हार पडला आणि त्याच वेळी फाटकातून एक टेम्पो आत शिरला. सागरचा. प्रमाणपत्राच्या मागून कपाट खाली उतरलं, मग पलंग, मग आक्काचा पाटा-वरवंटा. फोटोग्राफर 'काका, हसा' म्हणत राहिला आणि बाळाराम टेम्पोकडे पाहत राहिला. तो फोटो अजून सोसायटीच्या ऑफिसात आहे. त्यात सगळे हसतायत आणि हार घातलेला माणूस कुणाच्या तरी मयताला आल्यासारखा उभा आहे.

कार्यक्रम उरकल्यावर तो हार हातात घेऊन सागरकडे गेला. "काय रे, घर सोडताय?"

"बाबांना जिना न्हाय जमत आता, काका," सागर म्हणाला. "परवापासून अंजूरलाच हायेत ते. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. आमचा घर खालीच हाय, बरा पडतो." मग बाळारामचा चेहरा बघून त्याने विचारलं, "तुम्हाला म्हाईत न्हाय? किडनी गेल्यात त्यांच्या. होळीच्या आधीपासून. मीठ बंद, लोणचा-पापड बंद, सुका म्हावरा बंद. बाबा लपून बरणीत बोट घालत, म्हनून आयनी एकेक करून काढून टाकला, आता घरात काय ठेवतच न्हाय."

चंदेरी पाकिटं. ओंजळभर. बाळारामने ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती, आणि मित्राच्या घरात एवढी औषधं कुणाला लागतात हा प्रश्न त्याला पडला नव्हता. ती कुठल्या बादलीतली, एवढंच त्याने पाहिलं होतं. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की हातातला हार कुठे ठेवावा तेही त्याला सुचेना.

त्याने घरी येऊन कौसल्याला सांगितलं. मग तिने सागरला फोन लावला आणि पथ्याचं सगळं नीट विचारून घेतलं. "दूधही मोजकंच," ती म्हणाली. "दोन चमचे खीर चालेल." तिने फळीवरची वाटी उताणी केली.

अंजूरची रिक्षा त्यांना गोदामांच्या मधल्या रस्त्याने घेऊन गेली. सागरच्या घराच्या पडवीत महादू खाटेवर बसला होता. निम्मा झाला होता. पडवीच्या कडेला दोन बादल्या शेजारी शेजारी मांडलेल्या होत्या, एक हिरवी, एक निळी. या गल्लीत घंटागाडी येतच नव्हती.

"आला कंट्रोलर," महादू म्हणाला. "आक्का, बादल्या बघून घे, न्हायतर शिट्टी वाजवंल."

बाळारामला हसू आलं नाही. तो खाटेच्या कडेवर बसला. "महादू, मला सांगायचं होतंस."

"कसा सांगू? गावाला कळला आसता. आजाऱ्याला बघाला येनारा पयला नारळपानी आनतो, आनी मना त्येच बंद." महादू स्वतःच्याच बोलण्यावर हसला, मग थांबला. "मी आक्काला शपत घातलेली, कोनाला बोलू नको म्हनून. ती पार्किंगमदी गप ऱ्हायली ती मंजे माझ्यासाठी."

आक्का दारात उभी होती. "भाऊ, तुमच्या मनात काय आला ते मना तवाच कलला," ती म्हणाली. "तुमचा तोंड बघून. लोकांनी तसा केलाय तुमच्याशी, आमाला काय म्हाईत न्हाय? तसा वाटला त्यात तुमचा दोष न्हाय." तिने कौसल्याकडे पाहिलं. "पन वयनी, तुमचा लोनचा टाकताना माझा हात कसा वलला ते माझा मना म्हाईत. दुसऱ्या कोनाला देववला न्हाय. तुमी मना दिलेला, मी लोकाला कसा देऊ?"

कौसल्याने डोळ्यांना पदर लावला. बाळाराम "चुकलो" म्हणाला, पण तो शब्द त्याला फार लहान वाटला. महादूने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. हात हलका लागला, सुकलेल्या पानासारखा.

"दारासमोर दार व्हता आपला," तो म्हणाला. "माझा कचरा उघडलास, कंट्रोलर. दार न्हाय वाजवलास."

कौसल्याने वाटीवरचं झाकण काढलं. महादूने खीर पाहिली, चमचा मागितला आणि बाळारामच्या समोर दोन चमचे सावकाश खाल्ले. चमचा चाटून त्याने तिसऱ्यासाठी पुढे केला, आणि आक्काने वाटी काढून घेतली. उरलेली तिने उभ्या उभ्या स्वतः खाल्ली, बोटाने पुसून. बाळाराम जमिनीकडे पाहत होता, पण त्याला सगळं दिसत होतं.

उठायची वेळ झाली. आक्काने वाटी धुतली, आणि ती हातात धरून घरातल्या घरात फिरायला लागली. डबे उघडले, झाकले. घरात चटणी नव्हती, सुकट नव्हती, काहीच ठेवत नव्हते. "रिकामी देऊ नको," महादू खाटेवरून म्हणाला. शेवटी तिने टोपलीतली महादूसाठी केलेली तांदळाची भाकरी घेतली, अर्धी मोडली, घडी करून वाटीत ठेवली. "मीठ न्हाय त्यात," ती ओशाळून म्हणाली.

परतीच्या रिक्षात बाळारामने वाटी मांडीवर धरली होती. मानकोलीच्या चौकात ट्रकांच्या रांगेत रिक्षा अडकली तेव्हा त्याने भाकरीचे दोन भाग केले आणि एक कौसल्याला दिला. भाकरीला कसलीच चव नव्हती. दोघांनी ती, सांडलेला कण वाटीतून टिपून, शेवटपर्यंत खाल्ली. बादलीत टाकायला त्यांनी काही उरू दिलं नाही.